दुसरा कीबोर्ड कोणता घ्यावा? खान्देशातल्या नव्या वादकांसाठी

“रोलँड घेऊ, यामाहा घेऊ का कॉर्ग?” नवीन पोरांचा पहिला प्रश्न हाच असतो. त्याचं उत्तर पुढे आहे, पण त्याआधी माझे तीन प्रश्न. आत्ता तुमच्याकडे काय आहे? तुम्ही वाजवता कुठे? आणि कोणत्या गाण्यात हात अडतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, तर दुसरा कीबोर्ड अजून वर्षभर थांबला तरी चालेल.

आपल्याकडच्या कीबोर्डवाल्याचं काम एका जातीचं नसतं. एप्रिल-मेच्या लग्नसराईत हळद, वरात आणि रिसेप्शनचा ऑर्केस्ट्रा. श्रावणात कानबाईची गाणी. मग गणपती, नवरात्र, हिवाळ्यात शाळांची गॅदरिंग आणि अधूनमधून अहिराणी गाण्यांचं रेकॉर्डिंग. चाळीसगावला भजनी मंडळासोबत बसणारा आणि शिरपूरला वरातीच्या गाडीवर उभा राहून वाजवणारा, दोघांनी एकच मॉडेल घेतलं तर एकाचे पैसे वाया जाणार.

आधी तीन जाती ओळखा

दुकानात सगळे कीबोर्ड शेजारी-शेजारी मांडलेले असतात, त्यामुळे फरक दिसत नाही. अरेंजर म्हणजे ज्यात डाव्या हाताने कॉर्ड धरली की तबला-ढोलक-बेस आपोआप सुरू होतो. यामाहाचा पीएसआर-आय५००, पीएसआर-एसएक्स९०० आणि कॉर्गची पीए मालिका यातले. वर्कस्टेशन म्हणजे टोन (वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज), सिक्वेन्सर (वाजवलेलं ट्रॅकवर नोंदवून ठेवणारी सोय) आणि इफेक्ट एकाच पेटीत. अख्खं गाणं ट्रॅकवर ट्रॅक चढवून त्यातच तयार होतं. हा प्रकार सगळीकडे पसरला तो १९८८ च्या कॉर्ग एम१ पासून. तिसरी जात स्टेजसाठीच्या सिंथेसायझरची. टोन भरपूर, स्प्लिट (पट्ट्यांचे भाग पाडून वेगळे टोन) आणि लेअर (एकावर एक टोन) सोपं, सिक्वेन्सर असला तरी नावापुरता. जाहिरातीत मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीला सरसकट वर्कस्टेशनच म्हणतात.

एकटे किंवा एका गायकासोबत वाजवत असाल तर अरेंजरसारखी सोय नाही. पण ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम), ढोलक आणि बेस गिटार असलेल्या पार्टीत तुमचा ऑटो रिदम कुणालाच नको असतो. तिथे वर्कस्टेशन किंवा स्टेज सिंथ लागतो. दोन कीबोर्ड ठेवायचे असतील तर सिक्वेन्सर एकात असला की झालं. दोन्हीकडे सोळा ट्रॅकचा सिक्वेन्सर घेऊन स्टेजवर एकदाही न वापरणारे वादक कमी नाहीत.

गाण्यांची यादी लिहून काढा

हे काम घरी बसून, वहीत करायचं. तुमच्या पार्टीत हमखास होणारी वीसेक गाणी घ्या. प्रत्येक गाण्यापुढे लिहा: डाव्या हातात काय, उजव्या हातात काय, टोन कुठे बदलतो, आणि बदलायला वेळ किती मिळतो.

समजा वरातीचं एक गाणं आहे. सुरुवातीला सनईचा तुकडा, लगेच ब्रासचे दोन फटके, मग अंतऱ्यात स्ट्रिंगच्या कॉर्ड, मध्ये बासरीचा भराव, आणि पुन्हा सनई. एकाच कीबोर्डवर हे करायचं म्हणजे सनई आणि ब्रास स्प्लिट करून ठेवायचे, त्यात ६१ पट्ट्यांचे दोन भाग पडले की सनईला उरतात जेमतेम अडीच सप्तकं. स्ट्रिंगकडे जाताना बटण दाबावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच ब्रासचा शेवटचा सूर कापला जातो. आता दोन कीबोर्ड धरा. खाली डाव्या भागात स्ट्रिंग, उजव्या भागात ब्रास. वर सनई. अंतरा सुरू झाला, दोन्ही हात खाली गेले, वरचा कीबोर्ड गप्प आहे. त्या चार मात्रांत वरच्याची सनई बदलून बासरी करायची. कुणाला काही कळत नाही, सूर तुटत नाही.

दुसऱ्या कीबोर्डचा मोठा फायदा मला हाच वाटतो: एक वाजत असताना दुसरा बदलायची उसंत मिळते. हजार टोन जास्त मिळाले हा फायदा त्याच्या बराच मागे येतो. म्हणून निवडताना टोनची संख्या विचारू नका. टोन किती झटकन बदलतो, आणि बदलताना आधीचा सूर कापतो का, हे विचारा.

याची परीक्षा सोपी आहे. सस्टेन पेडल दाबून एक कॉर्ड धरा आणि पेडल न सोडता पुढचा टोन निवडा. जुनी कॉर्ड सावकाश विरली तर उत्तम, खट्‌कन तुटली तर वहीत नोंद करा. यामाहाच्या मॉड-एक्समध्ये ही न तुटण्याची सोय आहे, पण एका परफॉर्मन्समध्ये (एकत्र सेव्ह केलेल्या टोनच्या संचात) चारपर्यंतच पार्ट, म्हणजे टोन, असतील तरच. कॉर्गच्या क्रोनॉस आणि नॉटिलसमध्ये, तसंच रोलँडच्या मोठ्या फँटममध्येही ती आहे. स्वस्त मॉडेलांवर तुटतो म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. दोन कीबोर्ड असले की तोड झाकता येते, हे वर पाहिलंच.

झटकन बदलण्यासाठी प्रत्येक कंपनीची वेगळी तऱ्हा आहे. रोलँडच्या जुनो-डीएस आणि कॉर्ग क्रॉसमध्ये फेव्हरिट, मॉड-एक्समध्ये लाइव्ह सेट, नॉटिलसमध्ये सेट लिस्ट, फँटममध्ये सीन. नाव काहीही असो, कार्यक्रमाच्या क्रमाने टोन एका रांगेत लावता आले पाहिजेत आणि पुढचा टोन एका बोटाने लागला पाहिजे. मेनूत शिरावं लागत असेल तर तो कीबोर्ड स्टुडिओत ठेवा.

हाताला काय जमतं

आपल्या गाण्यांत मींड आहे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. सनई, बासरी, सारंगी वाजवताना डावा हात सतत बेंडवर (सूर वर-खाली सरकवणाऱ्या कळीवर) असतो. रोलँडवर बहुधा एकच लिव्हर असतो: डावी-उजवीकडे बेंड, पुढे ढकलला की कंप. कॉर्गच्या क्रोम, क्रोनॉस, नॉटिलसवर चारही दिशांना फिरणारी जॉयस्टिक असते, पण क्रॉसवर दोन चाकं. यामाहाच्या मॉड-एक्सवरही चाकं दोन. मला लोकसंगीताच्या लीडसाठी रोलँडचा लिव्हर बरा वाटतो, कारण कंप आणि मींड एकाच अंगठ्यात येतात. चाकांवर हात बसलेला वादक याच्या अगदी उलट सांगेल. मागे-पुढे न बघता दहा मिनिटं त्यावर एकच ओळ घोळवा. सहसा बेंड दोन सेमिटोनवर ठेवलेला असतो. तो टोनप्रमाणे कमी-जास्त करून सेव्ह करता येतो का, हेही तिथेच पाहा.

पट्ट्यांचं म्हणाल तर ६१, ७३ किंवा ७६, आणि ८८. पियानोवर हात बसलेला असेल तरच खाली जड पट्ट्यांचा ८८ घ्या. एरवी ती नुसती हमाली होते. मॉड-एक्स ६ चं वजन ६.६ किलो, त्याच मालिकेतल्या ८ चं १३.८ किलो. जुनो-डीएस६१ साधारण सव्वापाच किलो, आणि त्याचाच ८८ पट्ट्यांचा भाऊ सोळा किलोच्या वर. नंदुरबारहून सुरतेला पॅसेंजरने जाणाऱ्याने आणि स्वतःच्या गाडीतून फिरणाऱ्याने हे आकडे वेगवेगळे वाचावेत. वरच्या मजल्यावर मात्र ६१ पुरे, आणि तो हलकाच हवा; स्टँड वर जड झाला की डुलतो.

आता जोड्या

घरात आधीच रोलँडचा एक्सपीएस-१० किंवा एक्सपीएस-३० असेल, आणि आपल्याकडे तो बऱ्याच घरांत असतो, तर त्याला विकू नका. त्यात भारतीय टोन आहेत, पेनड्राइव्हवरून सँपल (रेकॉर्ड केलेले आवाज) चढवता येतात, वजन कमी. तो वर ठेवा. खाली पियानो, इलेक्ट्रिक पियानो, पॅड आणि ब्रास चांगला देणारा काहीतरी आणा. बजेट असेल तर मॉड-एक्स किंवा मॉड-एक्स प्लस. यातल्या एफएम इंजिनचे (आवाज बनवायची एक पद्धत) इलेक्ट्रिक पियानो ऐकून घ्या. बजेट कमी असेल तर सेकंडहँड जुनो-डीएस. रोलँडने २०२४ मध्ये जुनो-डी६, डी७, डी८ आणलेत, तेही पाहून ठेवा.

घरात अरेंजर असेल तर उलटं करा. अरेंजर खाली, कारण रिदम आणि कॉर्ड डाव्या हाताचं काम. वर एक हलका सिंथ. कॉर्ग क्रॉस २ किंवा जुनो-डीएस६१ इथे शोभतो. दोन्ही बॅटरीवर चालतात, क्रॉसला सहा पेन्सिल सेल, जुनोला आठ. वरातीत जनरेटर बंद पडला आणि सगळे तुमच्याकडे बघायला लागले, की या सेलांची किंमत कळते.

घरी गाणी बांधणाऱ्याची, अहिराणी गाण्यांचे ट्रॅक करून देणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला खरंच वर्कस्टेशन हवं. फँटम-०६ किंवा ०७ (ही मालिका २०२२ ची) आणि नॉटिलस (२०२०) पाहावेत. पण तुमचं सगळं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर होत असेल तर सिक्वेन्सरसाठी जादा पैसे मोजू नका. त्यापेक्षा यूएसबीवरून थेट ऑडिओ लॅपटॉपमध्ये जातो का ते बघा.

आणि ब्रँड? दुसरा कीबोर्ड वेगळ्या कंपनीचा घ्यावा, हे माझं मत. एकाच कंपनीच्या दोन पेट्यांचे स्ट्रिंग, ब्रास एकाच रंगाचे निघतात आणि एकमेकांत बुडतात. मेनूची भीती वाटणाऱ्या अगदी नव्या वादकाने एकाच कंपनीत राहिलं तरी चूक नाही.

आफ्टरटचबद्दल एक वाक्य: जुनो-डीएस, मॉड-एक्स आणि फँटम-० मध्ये पट्टीवर दाब देऊन कंप काढायची सोय नाही, तेव्हा ती हवीच असेल तर मोठ्या मॉडेलांकडे वळा. पॉलिफोनीचा, म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात त्याचा, आकडा (१२०, १२८ वगैरे) स्टेजच्या कामाला पुरतो. त्यात डोकं घालू नका.

आपल्या मातीचे टोन

कंपनीच्या टोनमध्ये तबला, ढोलक, सनई, सतार सापडेल. सातपुड्यातली पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) सापडणार नाही, आणि आपल्या गोंधळाच्या संबळाचा जो कडकपणा असतो तोही नाही. ते हवं असेल तर वाजवणाऱ्याकडे जाऊन रेकॉर्ड करा. त्याला मोबदला द्या, आणि सूर एकेक करून, लांब, इफेक्ट न लावता घ्या. पावरीचे पाच-सहा सूर वेगवेगळे घेतले तर पट्टीवर पसरवता येतात. एकच सूर अख्ख्या सप्तकभर ताणला तर वरच्या बाजूला तो खेळण्यातल्या पिपाणीसारखा वाजतो. म्हणून जोडीतल्या एका कीबोर्डात तरी सँपल चढवायची आणि तो बंद केल्यावरही टिकवायची सोय हवी. मॉड-एक्समध्ये यासाठी १ जीबी जागा आहे, मॉड-एक्स प्लसमध्ये १.७५ जीबी.

बाजारात पेनड्राइव्हवर टोनचे संच विकणारे भेटतात. कुठलाही संच चढवण्याआधी आपल्या मेमरीचा बॅकअप घ्या. बरेच संच तुमचं जुनं सगळं पुसूनच आत बसतात.

काळी एक, पांढरी दोन

दोन कीबोर्डांची सगळ्यात मोठी फजिती ट्रान्सपोजमध्ये, म्हणजे बटणाने सगळे सूर वर-खाली सरकवण्यात होते. तालमीत गाणं काळी एकमध्ये बसलेलं असतं. स्टेजवर गायिका हळूच सांगते, “दादा, आज पांढरी दोन घ्या.” तुम्ही खालच्यावर एक वाढवता, मुखडा सुरळीत जातो. मग वरून सनई येते ती काळी एकमध्येच. अर्धा सूर खाली, आणि सगळ्यात कर्कश टोन. ढोलकवाला मान वळवून विचारतो, “काय जयं भाऊ?”

यावर सवय लावून घ्यायची. ट्रान्सपोज कधीही करा, आधी वरचा, मग खालचा, आणि मग हेडफोनमध्ये दोन्हीवर तोच सा एकदा वाजवायचा. मगच मान हलवून गायकाला इशारा. खरेदी करताना बघायचं ते असं: ट्रान्सपोजचं बटण समोर आहे का, लावलेला ट्रान्सपोज पडद्यावर किंवा दिव्याने दिसतो का, आणि टोन बदलल्यावर तो टिकतो का. आणखी एक मेख आहे. शेवटच्या पट्टीवर टाळ्यांचं किंवा शिट्टीचं सँपल ठेवलं असेल, तर बऱ्याच कीबोर्डांवर ट्रान्सपोज केल्यावर तेही एक पट्टी सरकतं. तशी सँपलं ऑक्टोपॅडवाल्याकडे दिलेली बरी.

भजनात पेटी असेल तर दुसरीच भानगड. पेटीचा सूर बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या (कीबोर्डाच्या नेहमीच्या सुराच्या) थोडा वर किंवा खाली असतो. मास्टर ट्यून दोन्ही कीबोर्डांवर सारखाच हलवा, आणि कार्यक्रम संपला की परत ४४० वर आणा.

वायरी, पेडल, वीज

दोन कीबोर्ड घेतले म्हणजे मिडीने (एका कीबोर्डने दुसऱ्याला हुकूम द्यायची सोय) जोडलेच पाहिजेत, असं काही नाही. दोन हात दोन पेट्यांवर असतील तर मिडीची गरजच नाही. एक बटण दाबून दोन्हीचे टोन बदलायचे असतील, किंवा खालच्या पट्ट्यांवरून वरचा टोन वाजवायचा असेल, तेव्हाच जोडा: खालच्याचा मिडी आउट वरच्याच्या मिडी इनमध्ये. मिडीला सोळा चॅनेल असतात. वरचा ज्या चॅनेलवर ऐकतो, त्यावर खालचा नको तेव्हा काही पाठवत नाही ना, एवढं तपासा. नाहीतर पियानो वाजवताना वरून सनईही बोलायला लागते.

आवाजाची वायर: बहुतेक मंडपांत साउंडवाला मोनोच चालवतो. तिथे फक्त डावीकडचा, ‘मोनो’ लिहिलेला जॅक वापरा. नुसता उजवा लावला तर अर्धा पियानो जातो. चार चॅनेलचा छोटा मिक्सर स्वतःजवळ असला तर दोन्हींचा समतोल आपल्या हातात राहतो आणि साउंडवाल्याकडे एकच वायर जाते. गुणगुण येत असेल तर दोन्ही कीबोर्ड आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, आणि त्या बोर्डावर लायटिंग लावू देऊ नका. तरीही गेली नाही तर डीआय बॉक्स, म्हणजे वायरीतली गुणगुण तोडणारी छोटी पेटी, लागेल.

सस्टेन पेडल उलटं चालतं, म्हणजे पाय सोडल्यावर सूर लांबतो, अशी तक्रार नेहमीची. कंपन्यांची पेडलं एकमेकांच्या उलट पोलॅरिटीची असतात. काही कीबोर्ड चालू होतानाच पेडल ओळखतात, म्हणून त्या वेळी पाय त्यावर नको. पोलॅरिटी बदलायचं बटण असलेलं पेडल घेतलं की कटकट मिटते. एक्सप्रेशन पेडलची आतली जोडणीही यामाहा आणि रोलँडची वेगळी आहे. एकाचं दुसऱ्याला लावून पाहू नका.

अडॅप्टरचं नीट लक्षात ठेवा. कुणाचा ९ व्होल्टचा, कुणाचा १२ चा, आणि पिनेचा प्लस-मायनसही उलटसुलट. पिन मात्र कधीकधी सहज बसते. दोन्ही अडॅप्टरांवर रंगीत टेप लावा आणि त्याच रंगाचा तुकडा कीबोर्डाच्या मागे. जनरेटरच्या विजेवर छोटा यूपीएस ठेवा, कारण वीज क्षणभर गेली तरी कीबोर्ड पुन्हा सुरू होतो, आणि क्रोनॉस-नॉटिलससारख्यांना त्यात मिनिट-दोन मिनिटं जातात. तेवढ्यात वरात पुढच्या चौकात पोहोचते.

उन्हाचं वेगळं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, आणि कीबोर्डच्या पुस्तिकेत बहुधा ४० अंशांपर्यंतच वापरा असं असतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पेटी ठेवू नका. दुपारच्या हळदीला वर छत्री किंवा ताडपत्री मागून घ्या. पडदा काळवंडला तर झाकून थंड होऊ द्या.

दुकानात आणि सेकंडहँड घेताना

जळगाव-धुळ्यात दुकानं आहेत, पण मोठी मॉडेलं हाताळून पाहायला बहुधा मुंबई, पुणे, सुरत किंवा इंदूर गाठावं लागतं. जाताना गाण्यांची वही, आपले हेडफोन, आपलं पेडल आणि शक्य असेल तर घरचा हलका कीबोर्डही सोबत न्या. जोडी घ्यायची तर जोडीनेच वाजवून पाहा. दुकानदार डेमो वाजवून दाखवेल, तो ऐकू नका. डेमोत सगळेच छान वाजतात. तुमच्या वहीतलं सगळ्यात अवघड गाणं वाजवा.

सेकंडहँडमध्ये प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात, दोन्ही तऱ्हांनी वाजवायची. एखादी जोरातच बोलत असेल तर आतलं रबर गेलंय. ते बदलता येतं, पण किंमत कमी करून घ्या. बेंड सोडल्यावर सूर जागेवर येतो का ते ट्यूनर लावून पाहा. जॅकमध्ये वायर हलवून खरखर ऐका. डेटाचा गोल खटका फिरवताना आकडे उड्या मारतात का बघा. आधीच्या मालकाने भरलेले टोन हवे असतील तर ते पेनड्राइव्हवर मागून घ्या. घरी आल्यावर फॅक्टरी रिसेट मारलात तर ते गेलेच समजा.

जोडी घरी आली की पहिल्या सुपारीआधी पूर्ण कार्यक्रम उभं राहून वाजवून काढा, कारण बसून बसवलेली स्टँडची उंची उभ्याने उपयोगी पडत नाही. दोन मजल्यांत एवढं अंतर ठेवा की खालच्याचा पडदा आणि बटणं वाकून न बघता दिसतील. सगळे टोन क्रमाने लागले की दोन्हींचा बॅकअप घ्या. पेनड्राइव्ह ज्या त्या कीबोर्डमध्येच फॉरमॅट करायचा, एकाचा दुसऱ्याला द्यायचा नाही. एक संच बॅगेत, एक घरी.